एका ओळीची भर

४ ऑगस्ट

एका ओळीसाठी तिसरं पान घेतलंस! वर "उत्तराची वाट बघते" एवढंच, आणि खाली सगळं उजाड. माझ्या हाताखाली कुणी असं पान लावलं असतं तर मी ते पान आणि त्याचा डबा दोन्ही त्याच्या हातात देऊन त्याला घरी पाठवलं असतं. आधीच्या पानावर दोन शब्द गाळले असतेस तर ती ओळ वर आली असती. आणि तू म्हणे पुस्तकांची पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागलीस.

मुंगे, पत्र पोचलं. तब्येतीचं विचारू नकोस. गुडघे आहेत तिथेच आहेत.

तू लिहितेस की तुमच्या यंत्रात एका बाजूने लेखकाचा मजकूर ओतायचा आणि दुसऱ्या बाजूने तयार पानं काढायची, मधे माणूसच नाही. मग मला कशाला विचारतेस? तर खाली लिहिलंयस की यंत्राला आधी नियम शिकवावे लागतात, आणि तुमच्या ऑफिसातल्या वीस जणांपैकी एकानेही आजवर पुस्तकाचं एक पान लावलेलं नाही. हे वाचून मी इतकी हसले की तुझी मामी आतून बघायला आली, सासूला काही झालं की काय. काही झालेलं नाही असं दिसल्यावर परत गेली. जरा हिरमुसलेली वाटली.

तुझ्या साहेबांना आधीच सांगून ठेव, ही बाई दुसरी यत्ता शिकलेली आहे. तेराव्या वर्षी छापखान्यात कागदांच्या घड्या घालायला लागले. मग छापून झालेले खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं काम मिळालं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून मी वाचायला उलटंच शिकले. सुलट पुढे कधीतरी जमलं. नंतर पानं लावायला बसले ती एकेचाळीस वर्षं उठले नाही. ती खुर्ची आता तुझ्या मामीकडे आहे. सोळा वर्षं झाली, ती कॉम्प्युटरवर लावते. पाय वर घेऊन बसते, तो भाग वेगळा.

तर घे नियम.

पानात ओळी एकतीस. तेहतीस बसतात, पण एकतीसच घ्यायच्या. आमच्या जुन्या मशीनच्या पाट्याला खालच्या अंगाला चीर होती, शेवटच्या दोन ओळी उमटायच्याच नाहीत. थोरले मालक नवा पाटा आणतो आणतो म्हणत वारले.

डाव्या पानावर चित्र नको. डावीकडचा शाईचा रूळ झिजलेला होता. त्या बाजूला चेहरा छापला की धडधाकट माणूस महिनाभर अंथरुणाला खिळलेला दिसायचा.

प्रकरण संपलं की खाली तीन फुलं, म्हणजे नक्षीचे खिळे. कुणाच्या तरी आमंत्रणपत्रिकेसाठी चार आणली होती. एक मशीनखाली गेलं ते गेलंच.

आता मुख्य. प्रकरणाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन पडली, तर ते पान भिकाऱ्यासारखं दिसतं. मग मागे जायचं आणि एखादा असा परिच्छेद शोधायचा की ज्याच्या शेवटच्या ओळीत एखाददुसराच शब्द लोंबतोय. त्यातला कुठला तरी शब्द काढला की ती ओळ वाचते, आणि पुढची एकटी ओळ वर येते. तसा परिच्छेद नसला तर उलट करायचं. ज्याची शेवटची ओळ काठोकाठ भरली आहे तो घ्यायचा, त्यात दोन शब्द घालायचे, की एक ओळ वाढते आणि पुढच्या पानावर जाणारीला सोबत मिळते. मी "खरं तर" घालायचे. कुठेही बसतं, कुणाला टोचत नाही.

लेखकाला विचारलं तर आठवडा जातो, म्हणून विचारलं नाही. आमच्याकडे सर होते, मोठे विचारवंत, अकरा जाडजूड पुस्तकं. पहिल्या पुस्तकात त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या पुस्तकावर पेपरात कुणीतरी लिहिलं की सरांचं "खरं तर" ही त्यांच्या संशयी बुद्धीची खूण आहे. त्यानंतर सर स्वतःच पानोपानी लिहायला लागले आणि मला घालायला जागा कमी उरली.

हे कुणाला सांगायचं नाही. सर गेले, पण त्यांच्या नावाचं सभागृह आहे.

— आजी

११ ऑगस्ट

आजी,

हे पत्र एका पानात बसवलंय, बघ.

तुझे नियम साहेबांना वाचून दाखवले. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, हे पिढ्यांचं ज्ञान आहे. फक्त त्यांनी त्यातला पाटा, रूळ आणि मशीनखालचं फूल काढून टाकलं. यंत्राला नियम हवेत, गोष्टी नकोत, म्हणाले. "खरं तर"चा नियम त्यांना सगळ्यांत आवडला. त्याला त्यांनी नावही दिलं: मजकुराची लवचीक पूर्तता. मी म्हटलं, साहेब, ती माझ्या आजीची लबाडी आहे. तर म्हणाले, प्रत्येक शोधाला लोक आधी लबाडीच म्हणतात.

तू कुणाला सांगू नकोस म्हणाली होतीस. साहेब म्हणजे कुणी नव्हेत, असं मी धरलं.

काम एका जुन्या, मोठ्या प्रकाशकांचं आहे. नाव सांगायची परवानगी नाही. आणखी नियम आठवतील तसे लिही. आणि सहज विचारते, मामीला तीनशे पानांचं पुस्तक लावायला किती दिवस लागतात? अगदी सहजच. तिला नमस्कार सांग, पण हे विचारलं ते नको सांगूस. तिला वाटेल मी चौकशा करते.

तुझी,
मुंगी

१८ ऑगस्ट

पाटा काढला? पाटा हाच तर नियम होता! तुझ्या साहेबांना म्हणावं, कारण काढून टाकलं की मागे उरतो तो हुकूम.

मुंगे, तुला एक गंमत सांगते. तो चिरलेला पाटा भंगारात जाऊन पंचवीस वर्षं झाली. आताच्या मशीनवर तेहतीस ओळी लख्ख उमटतील. तरी तुझी मामी अजून एकतीसच लावते, कारण पहिल्या दिवशी मी तसं सांगितलं. तिने का म्हणून विचारलं नाही, मी आपणहून सांगितलं नाही. सासूसुनेत एवढं चालायचंच.

आणि तू विचारतेस ते. तीनशे पानांना नऊ दिवस लागतात तिला. नऊ! मी हातात जड खिळे घेऊन सहा दिवसांत उरकायचे, वर घरी येऊन दोन्ही वेळचा स्वयंपाक. ही बाईसाहेब प्रत्येक पान वाचत बसते. ओठ हलवत वाचते. मी एकदा म्हटलं, अगं, पान लावायचंय की त्याची परीक्षा द्यायचीय? तर म्हणाली, "आई, वाचल्याशिवाय कळत कसं?" पान लांबून बघायचं असतं. काळं कुठे दाटलंय, पांढरं कुठे भोकासारखं दिसतंय, एवढं बघायचं. वाचतात ते गिऱ्हाईक.

हे तिला सांगू नकोस म्हणून सांगायची गरज नाही. मी तिच्या तोंडावर रोज सांगते.

आणखी नियम: कंस उघडला तर त्याच पानावर बंद करायचा, कारण जुन्या खणात उजवे कंस कमी होते, पुढच्या पानाला उरायचे नाहीत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाचं नाव मोठं, पुस्तकाचं लहान. कारण लेखक छापखान्यात येऊन डोक्यावर उभे राहतात, पुस्तक राहत नाही.

— आजी

३० ऑगस्ट

आजी,

घाईत आहे. सगळे नियम यंत्रात गेले. तीनशे पानं अकरा मिनिटांत लागतात! साहेब परवा प्रकाशकांना दाखवायला जाणार आहेत, मोठा पडदा लावून. तू सांगितलेला दिवसांचा आकडा खूप उपयोगी पडला. मला बढती मिळेलसं दिसतंय.

कुठला आकडा, ते भेटीत सांगेन.

तुझी,
मुंगी

२१ सप्टेंबर

कुठला आकडा ते मला कळलं. भेटीची गरज नाही.

काल संध्याकाळी तुझी मामी कामावरून आली. चपला जागेवर ठेवल्या, पाणी प्यायली, आणि टेबलावर दोन कागद ठेवले. एक नोटीस. पुढच्या महिन्याच्या अखेरीस काम बंद, तोवर पानांना हात लावायचा नाही, गोदामात बसून परत आलेली पुस्तकं मोजायची. दुसरी एक गुळगुळीत पुस्तिका. धाकट्या मालकांनी सगळ्यांना वाटली. तुमच्या कंपनीने छापलेली. म्हणजे तुझे ते "जुने, मोठे प्रकाशक" आमचेच मालक निघाले, आमच्याच गल्लीच्या टोकाला बसणारे.

मी भाजी निवडत होते. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"आमच्या पानाच्या तळाशी असलेली मोकळी जागा हे मौनाचं तत्त्वज्ञान आहे." ती चीर, मुंगे! "डावं पान चिंतनाचं, उजवं दर्शनाचं." तो रूळ! "तीन फुलं म्हणजे आरंभ, मध्य आणि अंत." चौथं फूल सापडलं असतं तर काय म्हणाला असता हा माणूस, देव जाणे.

मग ती पुढच्या पानावर आली. तिथे मोठ्या अक्षरांत: सध्या नऊ दिवस, यापुढे अकरा मिनिटं.

"नऊ दिवस?" ती म्हणाली. "आई, नऊ दिवस कुणी सांगितलं असेल?"

मी म्हटलं, "आजकाल लोक काहीही छापतात."

भाजी तेवढी नव्हती, पण मी बराच वेळ निवडत बसले.

आता तुझं बघू. तुला पहिल्यापासून ठाऊक होतं? ज्या बाईने तुझ्या परीक्षेच्या वेळी तीन महिने तुला या घरात ठेवून घेतलं, तुझ्या वह्यांना पुठ्ठे घातले, तिचीच खुर्ची काढायला निघालीस, आणि त्यासाठी लागणारी हत्यारं माझ्या कपाटातून नेलीस. ती सोळा वर्षं पानं लावतेय. रस्त्याने जाताना दुकानाची पाटी वाकडी दिसली तर दुकानदाराला हाक मारून सांगते. ती आता पुस्तकं मोजणार!

मी रडगाणं गात नाहीये. तुझा मामा गातोय, त्याला सवय आहे. मला फक्त सांग, तुला कधी कळलं.

— आजी

२८ सप्टेंबर

आजी,

प्रकाशकांचं नाव मला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कळलं. तू पहिलं पत्र लिहिलंस त्याच सुमारास. खोटं बोलत नाही.

साहेब म्हणाले, कुणाचं काम जात नाही, कामाचं स्वरूप बदलतं. मामीला देखरेखीवर घेतील, असं मला वाटलं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

पण आजी, तूही जरा मोकळ्या मनाने बघ. यंत्र खरोखर सुंदर काम करतं. सरांचे अकरा खंड दोन तासांत लागले. एकही ओळ एकटी नाही. धाकट्या मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता त्यावर एक छोटं पुस्तक घेतलंय, दवाखान्यांत वाटायची औषधांची पुस्तिका. ती पंधरा तारखेच्या आत छापून जायची आहे. तुझा लवचीक पूर्ततेचा नियम तर इतका चालतो की साहेब त्याला आजी-नियम म्हणतात.

रागावू नकोस. आणि नऊ दिवसांचा आकडा तू दिलास, तो मी फक्त पोचवला. हे लिहायला नको होतं, पण शाईने लिहिलंय.

तुझी,
मुंगी

७ ऑक्टोबर

आजी-नियम! तुझ्या साहेबांच्या तोंडात साखर नको, चांगला पाव किलो चुना पडो.

हे पत्र नीट वाच, ओठ हलवून वाच.

आमच्या छापखान्यात एक रीत आहे. छापायचा फर्मा, म्हणजे पानांचा मोठा कागद, मशीनवर चढवण्याआधी त्याचा एक नमुना पान लावणाऱ्याकडे येतो. त्याने तो बघायचा, कोपऱ्यात "छापा" असं लिहायचं आणि सही करायची. ती सही ज्याची, चूक त्याची. पुढे लेखक ओरडला, सरकार ओरडलं, तर मशीनवाला तो कागद काढून दाखवतो. आमचा मशीनवाला छत्तीस वर्षांचा जुना आहे. आधी माझी सही घ्यायचा, मग तुझ्या मामीची. मालकांनी नोटीस काढली, खुर्ची हलवली, पण सही कुणी करायची ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तेव्हा परवा तो औषधांच्या पुस्तिकेचा नमुना घेऊन सरळ गोदामात गेला.

म्हणून त्या संध्याकाळी तुझी मामी घरी एक घडी घातलेला कागद घेऊन आली. तो माझ्यासमोर उलगडला.

"आई, हे तुमचं."

"काय माझं?"

"वाचा."

मी वाचलं. ही गोळी गरोदर बाईने घेऊ नये, खरं तर. खाली: दिवसातून दोनदा, खरं तर. त्याखाली एका गोळीपुढचं "जेवणानंतर" गायब, कारण तिथे ओळ वाचवायची होती. आणि ती म्हणाली की सरांच्या पहिल्या खंडात, जिथे पुस्तक बायकोला अर्पण केलंय तिथे आता असं आहे: पत्नीस, खरं तर.

मला हसू आलं. मग गरोदर बाई आठवली आणि हसू गेलं.

"माझं कशावरून?" मी म्हटलं.

"आई, मी ओळखते. सरांची हस्तलिखितं कपाटात आहेत. पहिल्याच वर्षी छापलेल्याशी ताडून बघितली. अकरा खंडांत तुमचे चारशे बारा आहेत. बाकीचे सरांचे."

"आणि सोळा वर्षं बोलली नाहीस?"

"कुणाला बोलायचं? सरांना सांगितलं असतं तर त्यांनी अंथरूण धरलं असतं. तुम्हाला सांगितलं असतं तर मला धरायला लावलं असतंत."

मुंगे, ही बाई काय करत होती ठाऊक आहे? सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की माझे थोडे थोडे काढत होती. एक काढलं की पुढची पाच-सहा पानं हलतात, कुठेतरी ओळ एकटी पडते. मग शब्दाला हात न लावता, ओळींमधलं अंतर केसाएवढं इकडे तिकडे करून ती परत बसवायची. म्हणून वाचत होती ओठ हलवून. आणि मी इथे बसून तिच्या ओठांची टिंगल करत होते.

"तीनशे पानांना तुला दिवस किती लागतात?" मी विचारलं.

"चार. सरांचं असेल तर पाच."

"मी मुंगीला नऊ सांगितले."

तिने कागदाची घडी घातली, नखाने कड दाबली.

"वाटलंच होतं," म्हणाली. "बारा नाही सांगितलेत, हेच पुष्कळ."

तिने सही केलेली नाही. करणारही नाही. मशीन उभं आहे. मालकांनी पेन काढून स्वतः सही करायला घेतली, तर मशीनवाला म्हणाला, "मालक, तुमची सही रजेच्या अर्जावर चालते. फर्म्यावर नाही चालत."

आता तू काय करायचंस ते सांगते. एक, तो नियम यंत्रातून आजच्या आज काढ. दोन, तुझ्या साहेबांना सांग की नऊ हा आकडा खोटा आहे, आजीने सुनेवरच्या खुन्नसने सांगितला. माझ्या नावाने सांग. माझी लाज काढायची काळजी करू नकोस, मी ती केव्हाच वापरून संपवली आहे.

— आजी

११ ऑक्टोबर

आजी,

साहेबांना सांगितलं. नऊ खोटे आहेत म्हटलं, तर म्हणाले, पण ते छापून झालेत. नियम काढायचा म्हटलं, तर म्हणाले, हा बदल करारात नाही. नवा करार लागेल. मग मी म्हटलं, ठीक आहे, आपल्या कंपनीतर्फे तुम्ही त्या पुस्तिकेवर "छापा" लिहून सही करा. साहेबांनी करार काढून दाखवला. त्यात कलम आहे: पानांवर काय छापलं जाईल याची जबाबदारी कंपनीची नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी लवकर ऑफिसात जाऊन कुणालाही न विचारता तो नियम काढला. आता यंत्र प्रत्येक एकट्या ओळीपाशी थांबतं आणि पडद्यावर विचारतं: काय करू? उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही. प्रकाशकांकडे ते कालपासून तसंच विचारत उभं आहे. उत्तर द्यायला तिथे कुणीच नाही.

मी काढलं हे उद्यापर्यंत कळेल. बढतीचं आता विचारू नकोस.

मामीला पत्र लिहायला घेतलं होतं. चार वेळा फाडलं.

मुंगी

१४ ऑक्टोबर

आदरणीय आजी यांच्या चरणी,

आपल्या प्रदीर्घ सेवेचे आमच्या संस्थेला सदैव स्मरण आहे. आमच्या संस्थेने परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम साधणारी नूतन प्रणाली नुकतीच स्वीकारली असून तिचे सर्वत्र कौतुक होत आहे. सध्या प्रणाली विचारात मग्न आहे.

कैलासवासी सरांच्या शैलीविषयी आपण काही विधाने केल्याचे कानी आले. वयोमानानुसार स्मरणात गोंधळ होणे स्वाभाविक आहे, तेव्हा तो विषय आम्ही वाढवू इच्छित नाही. आपणही वाढवू नये.

प्रस्तुत पत्राचे कारण वेगळे. आपल्या सूनबाई एका क्षुल्लक सहीसाठी अडून बसल्या आहेत. दवाखाने रोज विचारणा करतात. मशीनवाला हट्टी आहे. आपण घरातल्या वडीलधाऱ्या आहात. आपला एक शब्द पुरेसा ठरेल. सही झाल्यास संस्थेच्या वर्धापनदिनी आपला यथोचित सत्कार करण्याचा मानस आहे.

मालकांच्या आज्ञेवरून,
लेखनिक

१७ ऑक्टोबर

सही मागायला पत्र पाठवता आणि त्या पत्रावर तुमची सही नाही! हे दुसऱ्याच्या ताटातून वाढून घेण्यासारखं झालं.

धाकटे मालक, पत्र मिळालं. लेखनिकाचं अक्षर चांगलं आहे, त्याला सांगा.

माझ्या स्मरणात गोंधळ नाही. सरांच्या पुस्तकांत मी स्वतःच्या हाताने चारशे बारा ठिकाणी दोन-दोन शब्द घातले आहेत. हा आकडा मी मोजलेला नाही, माझ्या सुनेने मोजलाय, म्हणून तो बरोबर आहे. हस्तलिखितं तुमच्याच कपाटात आहेत. तुमच्या पुस्तिकेतलं मौनाचं तत्त्वज्ञान म्हणजे तुमच्या वडिलांनी न आणलेला पाटा. हवं तर मी हे सत्काराच्या दिवशी माईकवरून सांगते. मला उभं राहून बोलता येतं, फक्त नंतर कुणीतरी बसवावं लागतं.

आणि नऊ दिवस हे मी खोटं सांगितलं. माझ्या नातीला, पत्रात, सुनेला कमी दाखवायला. ती चार दिवसांत करते. तिच्यासारखं पान मला एकेचाळीस वर्षांत लावता आलं नाही. मला अडचण आली की मी लेखकाच्या तोंडात शब्द घालायचे. तिने कुणाच्या तोंडात कधी काही घातलं नाही, माझ्यासुद्धा. हे वाक्य मी घरात बोलणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

तुम्ही म्हणता, सुनेला एक शब्द सांगा. लग्न होऊन आल्यापासून मी तिला रोज शंभर शब्द सांगत आलेय. त्यातला एक तिने डोळे झाकून पाळला, एकतीस ओळींचा, आणि तोच नेमका फुकट गेला. तेव्हा मी सांगून काही व्हायचं नाही, आणि होत असतं तरी सांगितलं नसतं. ज्या कागदावर गरोदर बाईचं औषध आहे, त्यावरची सही क्षुल्लक नसते. तुमच्या यंत्राला अकरा मिनिटांत पान लावता येतं. चुकलं तर पोलीस-स्टेशनात कोण जाणार, ते त्याला सांगता येत नाही. कंपनीचे साहेब जायचे नाहीत, त्यांनी तसं आधीच लिहून घेतलंय.

तिला मी विचारलं, तुझं म्हणणं काय आहे. ती कपडे वाळत घालत होती. चिमटे तोंडात धरून बोलली, ते मी तसंच उतरवून देते. खुर्ची गोदामातून परत खिडकीशी. यंत्र शेजारच्या टेबलावर. ते विचारेल, ती सांगेल, आणि तिने सांगितल्याशिवाय एक ओळ हलणार नाही. औषधांची पुस्तिका ती पहिल्यापासून वाचून लावेल, त्याला दीड दिवस लागेल. नोटीस लेखी मागे. माझ्या नातीला तिथे नोकरी द्या असं तिने म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. तिचं ती बघेल, तिला पाय आहेत.

कबूल नसेल तर तसं कळवा. ती दुसरीकडे जाईल. मशीनवाला म्हणतो, ती जाईल तिकडे त्याचीही बदली करून घ्या. यंत्र तुमच्याकडेच राहू द्या, त्याला सोबत म्हणून साहेब ठेवा.

आता उत्तराचं. ते लेखनिकाने लिहायचं नाही. कंपनीच्या साहेबांनी नाही, नातीने मधे पडून नाही. तुम्ही लिहायचं, हातात पेन धरून, आणि पाकिटावर माझं नाही, माझ्या सुनेचं नाव घालायचं. मला आलेलं पत्र मी न फोडता परत पाठवीन. आणि दुसऱ्या कुणाला निरोप देऊन पाठवायचा विचार असेल, तर या घराचं दार दुपारी मी उघडते, हे त्याला आधी सांगून ठेवा.

— आजी